क्षेत्ररक्षणाचे मापन : एकत्रित आकडा आणि सुटी कौशल्ये – एक चिकित्सा

प्रस्तावना :

बेसबॉल, सॉफ्टबॉल आणि क्रिकेट या तिन्ही खेळांत फलंदाजाच्या कामगिरीचा हिशेब जितक्या काटेकोरपणे ठेवला जातो, तितका क्षेत्ररक्षकाच्या कामगिरीचा ठेवला जात नाही. फलंदाजाची प्रत्येक धाव लिहिली जाते, गोलंदाजाचा प्रत्येक चेंडू मोजला जातो. क्षेत्ररक्षकाच्या वाट्याला मात्र बहुधा एखादे विशेषण येते. तो 'चपळ' असतो, 'सुरक्षित हातांचा' असतो किंवा 'ढिला' असतो. ही विशेषणे निरर्थक नाहीत, परंतु निवडीच्या प्रसंगी त्यांचा पडताळा घेता येत नाही. दुसऱ्या बाजूने, जेथे आकडा उपलब्ध आहे तेथे तो बहुतेक वेळा एकच असतो आणि त्या एका आकड्यात अनेक वेगवेगळी कौशल्ये, सहकाऱ्यांची कामगिरी, मैदानाची प्रत आणि योगायोग यांची सरमिसळ झालेली असते.

क्षेत्ररक्षण हे एक कौशल्य नव्हे; तो कौशल्यांचा समुच्चय आहे. चेंडू बॅटवरून सुटण्याच्या क्षणी त्याची दिशा ओळखणे, पहिले पाऊल टाकणे, योग्य मार्गाने चेंडूपर्यंत पोहोचणे, तो पकडणे, हातातून लवकर सोडणे आणि नेमक्या जागी वेगाने फेकणे या सहा क्रिया काही सेकंदांत एकामागून एक घडतात. त्यांपैकी एक जरी निसटली तरी अंतिम निकाल 'बाद नाही' असाच नोंदवला जातो. कोणती क्रिया निसटली हे निकालावरून कळत नाही. प्रस्तुत लेखात क्षेत्ररक्षणाच्या मापनाच्या प्रचलित पद्धतींची चिकित्सा केली असून, बारामती व इंदापूर यांसारख्या तालुक्यांतील महाविद्यालयांच्या मैदानांवर त्यांपैकी काय उपयोगी पडेल आणि काय फसवे ठरेल, याचा विचार केला आहे.

टक्केवारीचा भ्रम :

बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षणाचा सर्वांत जुना आणि सर्वाधिक रूढ आकडा म्हणजे क्षेत्ररक्षणाची टक्केवारी. खेळाडूने स्वतः बाद केलेले आणि बाद करण्यास साहाय्य केलेले प्रसंग यांच्या बेरजेला, याच बेरजेत चुका मिळवून येणाऱ्या संख्येने भागले की ही टक्केवारी मिळते. गणित सोपे आहे आणि कोणत्याही गुणलेखकाला करता येण्याजोगे आहे. बेसबॉलच्या नोंदपद्धतीचा पाया घालणारे हेन्री चॅडविक हे जन्माने इंग्रज होते व त्यांनी पत्रकारितेत आरंभी क्रिकेटचे वार्तांकनही केले होते. हिशेबाची शिस्त बेसबॉलमध्ये लवकर रुजली, ती अशा लोकांमुळे. तथापि या शिस्तीतच एक मूलभूत त्रुटी राहून गेली.

उदाहरणादाखल दोन काल्पनिक शॉर्टस्टॉप घेऊ. दोघांच्याही परिसरात जमिनीलगतचे १०० चेंडू आले असे समजू. पहिला खेळाडू ७० चेंडूंपर्यंत पोहोचतो आणि त्यांपैकी २ वेळा चूक करतो. त्याने ६८ फलंदाज बाद केले आणि त्याची टक्केवारी ९७.१ झाली. दुसरा खेळाडू ८५ चेंडूंपर्यंत पोहोचतो व ६ चुका करतो. त्याने ७९ फलंदाज बाद केले, परंतु त्याची टक्केवारी ९२.९ एवढीच राहिली. संघाला ११ बळी अधिक मिळवून देणारा खेळाडू कागदावर कमी दर्जाचा ठरला. कारण स्पष्ट आहे. जो चेंडूपर्यंत पोहोचलाच नाही, त्याच्या नावावर चूक लागत नाही. टक्केवारी हाताची परीक्षा घेते. पायांची, नजरेची आणि धाडसाची परीक्षा घेत नाही. उलट, धाडस करणाऱ्याला ती दंड करते.

ही त्रुटी ओळखून बिल जेम्स यांनी १९७० च्या दशकात 'रेंज फॅक्टर' ही कल्पना मांडली. चुका बाजूला ठेवून खेळाडू एका सामन्यात सरासरी किती बळींत सहभागी होतो, हे मोजावे असा तिचा आशय होता. पुढे मैदानाचे विभाग पाडून, कोणत्या विभागात किती चेंडू आले आणि त्यांपैकी किती अडवले गेले, असा हिशेब सुरू झाला. जॉन ड्युअन यांचा 'द फील्डिंग बायबल' हा २००६ चा ग्रंथ याच प्रवाहातला आहे. मिचेल लिच्टमन यांच्या 'अल्टिमेट झोन रेटिंग' या पद्धतीत तर पोहोच, चुका, दुहेरी बळी आणि फेक यांचे गुण वेगवेगळे काढून मग त्यांची बेरीज केली जाते. हा प्रवास एकाच दिशेने झाला आहे. प्रथम 'काय केले' एवढेच मोजले गेले, नंतर 'किती संधींपैकी केले' हे मोजले गेले आणि शेवटी 'कोणत्या कौशल्यामुळे केले' हा प्रश्न विचारला गेला.

क्रिकेटचा धावफलक आणि एकनाथ सोलकर :

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये, कारण त्याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईच्या मैदानावर घडले आहे. एकनाथ सोलकर (१९४८–२००५) यांनी १९६९ ते १९७७ या काळात २७ कसोटी सामने खेळले आणि ५३ झेल घेतले. म्हणजे प्रत्येक सामन्यामागे १.९६ झेल. यष्टिरक्षक नसलेल्या आणि पुरेसे कसोटी सामने खेळलेल्या खेळाडूंमध्ये हे प्रमाण आजही अपवादात्मक मानले जाते. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याचा हा मुलगा फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजापासून अवघ्या काही पावलांवर, हेल्मेटविना उभा राहत असे. १९७१ च्या ओव्हल कसोटीत इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला, त्यात वेंकटराघवन यांच्या गोलंदाजीवर ॲलन नॉट यांचा सोलकरांनी झेपावून घेतलेला झेल निर्णायक ठरला. इंग्लंडमध्ये भारताने मिळवलेला हा पहिला कसोटी विजय होता.

आता हाच १.९६ चा आकडा समीक्षकाच्या नजरेने तपासून पाहू. राहुल द्रविड यांनी १६४ कसोटींत २१० झेल घेतले. त्यांचे प्रमाण १.२८ येते. यावरून सोलकर हे द्रविड यांच्या दीडपट श्रेष्ठ झेलपटू होते असा निष्कर्ष काढला, तर तो टिकणार नाही. द्रविड प्रामुख्याने स्लिपमध्ये उभे राहत, सोलकर शॉर्ट लेगला. सोलकरांच्या काळात बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन हे फिरकी गोलंदाज भारतीय आक्रमणाचा कणा होते आणि अशा गोलंदाजीवर बॅट-पॅडच्या संधी शॉर्ट लेगकडेच अधिक जातात. अजिंक्य रहाणे यांनी २०१५ मध्ये गॉल कसोटीत ८ झेल घेऊन एका कसोटीतील विक्रम केला, तोही फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्टीवर. म्हणजेच झेलांच्या संख्येत क्षेत्ररक्षकाचे कौशल्य आहे, तसेच गोलंदाजाचे, खेळपट्टीचे आणि उभे राहण्याच्या जागेचेही योगदान आहे.

येथे क्रिकेटच्या धावफलकाची मर्यादा उघड होते. धावफलकावर घेतलेला झेल लिहिला जातो, सुटलेला झेल लिहिला जात नाही. झेल कोणत्या जागी घेतला तेही लिहिले जात नाही. जुन्या धावफलकांत 'धावबाद' या शब्दापुढे फेक करणाऱ्याचे नावही आढळत नाही. बेसबॉलच्या वहीत हातून सुटलेला चेंडू नोंदला जातो, पण न गाठलेला चेंडू नोंदला जात नाही. क्रिकेटच्या वहीत दोन्ही नोंदले जात नाहीत. सोलकरांना एकूण किती संधी मिळाल्या हे धावफलकावरून काढता येत नाही. त्यांच्या थोरवीचा आधार म्हणून जो आकडा सांगितला जातो, त्याचा छेद असा अपूर्ण आहे.

परंतु यावरून सोलकरांची कीर्ती ही केवळ आख्यायिका होती असे म्हणणे हे दुसरे टोक होईल. शॉर्ट लेगला चेंडू बॅटवरून हातापर्यंत येण्यास सेकंदाचा अगदी लहान अंश लागतो. दृश्य संकेताला साधा प्रतिसाद देण्यासच माणसाला साधारणतः ०.२ सेकंद लागतात. यास्तव केवळ चेंडू पाहून हात नेणारा खेळाडू त्या जागी नेहमी उशिराच पोहोचेल. तेथे यश मिळते ते गोलंदाजाची दिशा, फलंदाजाच्या पायांची हालचाल आणि बॅटचा कोन यांवरून आधीच केलेल्या अंदाजामुळे. आणि अंगावर येणाऱ्या चेंडूपुढे मान न फिरवण्याच्या धैर्यामुळे. सोलकरांचे खरे वेगळेपण या दोन गुणांत होते. विशेष म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या कोणत्याही रूढ आकड्यात नेमक्या याच दोन गुणांना जागा नाही.

श्रेयाच्या वाटणीचा हा प्रश्न आपल्या मातीतल्या खेळांतही आहे. खो-खोच्या गुणपत्रिकेत प्रत्येक संरक्षकाने मैदानात काढलेला वेळ मिनिटे व सेकंदांत लिहिला जातो. ही नोंद क्रिकेटच्या झेलसंख्येपेक्षा अधिक सूक्ष्म आहे. आक्रमणाचा गुण मात्र गडी टिपणाऱ्याच्या नावावर जातो. अचूक वेळी खो देऊन संरक्षकाला कोंडीत आणणारा खेळाडू अनामिक राहतो. बेसबॉलने फेकणाऱ्यास 'साहाय्य' आणि बेसवर चेंडू घेणाऱ्यास 'बाद' असे दोन वेगळे रकाने दिले, हे त्या खेळाचे श्रेय मान्य करावे लागेल.

सात कौशल्यांची मांडणी : गुण आणि दोष

क्षेत्ररक्षणाची सुटी कौशल्ये स्वतंत्रपणे तपासण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न टॉम टँगो या टोपणनावाने लिहिणाऱ्या विश्लेषकाने २००३ पासून केला. त्याने अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या प्रेक्षकांना आवाहन केले, की आपण नियमितपणे पाहत असलेल्या खेळाडूंना सात बाबींवर स्वतंत्र गुण द्यावेत. त्या बाबी अशा : अंदाज व प्रतिसाद, पहिली काही पावले, धावण्याचा वेग, हातांची पकड, चेंडू सोडण्याची चपळाई व पदन्यास, फेकीची ताकद आणि फेकीची अचूकता. गुण देताना छापील आकडेवारी विसरावी आणि खेळाडूची तुलना त्याच जागेवरील खेळाडूंशी न करता सर्वच खेळाडूंशी करावी, अशी सूचना त्यात होती.

या मांडणीचे तीन गुण नोंदवण्यासारखे आहेत. पहिला, तिने 'चांगला क्षेत्ररक्षक' या मोघम शब्दाचे विघटन केले. ज्याचा हात उत्तम पण पाय मंद आहे तो आणि ज्याचे पाय वेगवान पण फेक कमकुवत आहे तो, हे दोघे एकाच सरासरीत हरवत नाहीत. दुसरा, निरीक्षकाच्या नजरेला तिने मापनाचे साधन म्हणून मान्यता दिली. तिसरा, एका निरीक्षकाच्या मतापेक्षा अनेकांच्या मतांची सरासरी अधिक विश्वसनीय ठरते, हे तत्त्व तिने प्रत्यक्षात आणले. कौशल्यांचे विघटन झाले की खेळाडूसाठी योग्य जागाही सुचते. ताकदीची फेक आणि वेग असणारा आउटफिल्डला उपयोगी पडेल. चपळ हात आणि जलद सोड असणारा इनफिल्डला.

तिचे दोषही तेवढेच स्पष्ट आहेत. शैक्षणिक मापनात ज्याला 'प्रभामंडल परिणाम' म्हणतात, तो येथे टाळता येत नाही. एखाद्या खेळाडूची जोरदार फेक डोळ्यांत भरली की त्याच्या अंदाजालाही नकळत जादा गुण दिले जातात. शिवाय पहिले पाऊल टीव्हीवर बहुधा दिसत नाही, कारण कॅमेरा त्या क्षणी फलंदाजावर असतो. ज्या क्षणी क्षेत्ररक्षणाचा निम्मा निकाल लागतो, तो क्षणच घरी बसलेल्या निरीक्षकाच्या दृष्टीआड असतो. तिसरी अडचण भारांकनाची आहे. सात गुणांची साधी सरासरी काढली तर फेकीच्या ताकदीला सर्वत्र सारखेच महत्त्व मिळते. शॉर्ट लेग किंवा फर्स्ट बेस यांसारख्या जागी मात्र तिचे महत्त्व नगण्य आहे. सुटे केलेले गुण पुन्हा एकत्र करताना जागेचा विचार सोडला, तर विघटनाचा सारा लाभ वाया जातो.

कॅमेऱ्याचे मापन आणि त्याचा धडा :

२०१५ पासून अमेरिकेतील मेजर लीगच्या सर्व मैदानांवर 'स्टॅटकास्ट' ही मापनप्रणाली कार्यरत झाली. चेंडू आणि खेळाडू यांची प्रत्येक क्षणीची जागा ती टिपते. तिच्या आधारे आउटफिल्डरच्या हालचालीचे तीन भाग केले गेले : पिचरच्या हातून चेंडू सुटल्यानंतरच्या पहिल्या दीड सेकंदात कोणत्याही दिशेने कापलेले अंतर म्हणजे प्रतिसाद, पुढच्या दीड सेकंदात कापलेले अंतर म्हणजे मुसंडी आणि सरळ रेषेच्या तुलनेत निवडलेला रस्ता म्हणजे मार्ग. प्रेक्षकाच्या नजरेला जे निसटत होते, ते यंत्राने पकडले. संथ पण अचूक सुरुवात करणारा खेळाडू वेगवान पण चुकीच्या दिशेने सुटणाऱ्या खेळाडूच्या बरोबरीने चेंडू गाठू शकतो, हे या विघटनामुळे आकड्यांत दिसू लागले.

मात्र यंत्रही सर्वज्ञ नाही. या प्रणालीतील बळींचा हिशेब खेळाडू ज्या जागी उभा आहे तेथून सुरू होतो. ती जागा का निवडली, फलंदाजाला ओळखून दोन पावले आधीच सरकणे हे खेळाडूचे शहाणपण की प्रशिक्षकाची सूचना, हे त्या आकड्यातून कळत नाही. सोलकरांसारख्या खेळाडूचा निम्मा खेळ चेंडू पडण्यापूर्वीच होत असे. जे चेंडू सुटल्यानंतरच मोजायला सुरुवात करते, त्या मापनात हा खेळ अनुल्लेखित राहतो.

एकच सुटे कौशल्य मोजून निवड केल्यास काय घडते, याचे भारतीय उदाहरणही उपलब्ध आहे. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेत चेंडूफेकीचा वेग व अचूकता यांवर भारतीय तरुणांची निवड झाली. त्यातून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू पिट्सबर्ग पायरेट्स या संघाशी करारबद्ध झाले. भारतीय तरुणांसाठी ती ऐतिहासिक घटना होती. तथापि दोघांपैकी कोणीही मेजर लीगमध्ये खेळू शकले नाही. हात मोजला गेला होता; खेळ वाचण्याची लहानपणापासूनची सवय मोजता आली नव्हती, आणि ती अल्पकाळात शिकवताही येत नव्हती.

चाचणीसंचांची मर्यादा :

शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात 'चाचणी, मापन व मूल्यमापन' हा विषय असतो. सॉफ्टबॉलसाठी तेथे अमेरिकेतील शारीरिक शिक्षण संघटनेचा १९९१ चा सुधारित चाचणीसंच परिचित आहे. त्यात फलंदाजी, जमिनीलगतचा चेंडू अडवणे, वरून फेक आणि बेसवरील धाव अशा चार बाबी आहेत. विश्वसनीयतेच्या दृष्टीने असे संच उपयुक्त ठरतात, कारण परिस्थिती नियंत्रित असते आणि पुनर्चाचणीत मिळतेजुळते गुण येतात. प्रश्न आहे तो सप्रमाणतेचा.

चाचणीत परीक्षक चेंडू हाताने फेकतो. तो कधी येणार आणि साधारण कोठे येणार हे खेळाडूला ठाऊक असते. सामन्यात तो बॅटवरून येतो आणि बॅटचा कोन अखेरच्या क्षणी बदलतो. म्हणजे चाचणी ज्या क्षणापासून सुरू होते, त्या क्षणी खऱ्या सामन्यातील सर्वांत अवघड काम, म्हणजे चेंडू ओळखणे, आधीच उरकलेले असते. अशा चाचणीत हात आणि खांदा यांना गुण मिळतात, नजरेला मिळत नाहीत. सोपे आहे ते मोजले जाते आणि मोजले गेले तेच पुढे कौशल्य म्हणून मान्य होते, हा मापनशास्त्रातील जुना धोका येथे स्पष्ट दिसतो. असा संच वापरणाऱ्या अभ्यासात 'क्षेत्ररक्षण क्षमता' असा शब्द योजला जातो, तेव्हा त्याचा खरा अर्थ 'अपेक्षित चेंडू अडवण्याची क्षमता' एवढाच असतो.

बारामती-इंदापूरच्या संदर्भात :

हा वाद केवळ शास्त्रीय नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या रचनेत ग्रामीण महाविद्यालयातील खेळाडू आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून विभागाच्या संघात, तेथून आंतरविभागीय स्पर्धेत आणि मग विद्यापीठाच्या संघात जातो. स्पर्धेच्या स्तरानुसार मिळणारी प्रमाणपत्रे पुढे शासकीय सेवेतील खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी विचारात घेतली जाऊ शकतात. निवड चाचणीच्या दिवशी कागदावर लिहिलेला एक आकडा शेतकरी किंवा ऊसतोड कामगाराच्या मुलामुलींच्या पुढील मार्गावर परिणाम करू शकतो. तो आकडा काय मोजतो, हे निवड करणाऱ्याला माहीत असणे म्हणूनच आवश्यक आहे.

येथे मैदानाचा प्रश्न प्रथम येतो. बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर फेब्रुवारी २०२० मध्ये महाराष्ट्र व उत्तराखंड यांच्यात रणजी सामना झाला; तेथे हिरवळीचे मैदान आहे. ग्रामीण शाळा-महाविद्यालयांची मैदाने मात्र बहुधा मुरमाची असतात आणि पावसाळ्यानंतर त्यांवर खडे व चाकोऱ्या उरतात. मुरमावर जमिनीलगतचा चेंडू कधी उसळतो, कधी सरपटतो. अशा मैदानावर वाढलेला खेळाडू चेंडूवर चाल करून जाण्याऐवजी थांबून, अंग आड घालून तो अडवण्यास शिकतो. ते त्या मैदानावरचे शहाणपण असते. तोच खेळाडू हिरवळीवर चाचणीला उभा राहिला की 'पाय मंद' ठरतो. आणि हिरवळीवरचा खेळाडू मुरमावर आला की 'हात कच्चे' ठरतो. दोन्ही निष्कर्ष खेळाडूविषयी आहेत असे वाटते, वस्तुतः ते मैदानाविषयी असतात. यास्तव भिन्न मैदानांवर मिळालेल्या चुकांच्या संख्यांची तुलना करून निवड करणे हे मापनशास्त्राच्या कोणत्याही निकषावर समर्थनीय ठरत नाही.

दुसरा प्रश्न साधनांचा. महागडी कॅमेरा-प्रणाली येथे नाही म्हणून मापन अशक्य आहे, असे मानण्याचे कारण नाही. हाताने चालवलेले स्टॉपवॉच पहिल्या पावलाचे मापन करू शकत नाही, कारण ते दाबणाऱ्याचाही प्रतिसादकाळ साधारण तेवढाच असतो. परंतु आजचा साधा मोबाईल सेकंदाला ३० चित्रे टिपतो. म्हणजे दोन चित्रांतील अंतर सुमारे ०.०३ सेकंद. क्षेत्ररक्षक आणि फलंदाज दोघेही चौकटीत येतील अशा रीतीने मोबाईल स्थिर ठेवला, तर बॅटला चेंडू लागल्यापासून पहिले पाऊल उचलेपर्यंत किती चित्रे गेली, हे कोणत्याही शिक्षकाला मोजता येते. चेंडू हातात आल्यापासून सुटेपर्यंतचा वेळही तसाच मिळतो. क्षेत्ररक्षकाभोवती फक्कीने एक-एक मीटर अंतरावर वर्तुळे आखली की त्याची पोहोच अंतरात लिहिता येते. फेकीच्या अचूकतेसाठी भिंतीवर चौकोन पुरेसा आहे. चेंडू मात्र हाताने न टाकता बॅटने मारलेला असावा आणि दिशा आधी सांगितलेली नसावी, ही अट सर्वांत महत्त्वाची आहे.

सामन्याच्या नोंदीत तीन रकाने वाढवले तरी बरेच साधेल : चेंडू खेळाडूच्या टप्प्यातला होता काय आणि तो पोहोचला काय, पोहोचला असल्यास पकडला काय, पकडला असल्यास फेक वेळेत व नेमकी गेली काय. हे रकाने दोन निरीक्षकांनी एकमेकांशी न बोलता भरावेत आणि नंतर ताडून पाहावेत. त्यांच्यात वारंवार मतभेद झाला, तर दोष खेळाडूचा नसून व्याख्येचा आहे असे समजून व्याख्या सुधारावी. एका हंगामातील थोड्या संधींवरून ठाम निष्कर्ष काढणे मात्र टाळावे. एखाद्या जागी हंगामात दहा-बाराच चेंडू येत असतील, तर दोन चेंडूंच्या फरकाला योगायोगापेक्षा अधिक अर्थ नसतो.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील. पहिला, क्षेत्ररक्षणाचा कोणताही आकडा संधींच्या संख्येशिवाय अपूर्ण असतो; टक्केवारी ही न पोहोचणाऱ्याची ढाल बनते. दुसरा, कौशल्ये सुटी करून मोजणे हे एकत्रित आकड्यापेक्षा अधिक न्याय्य आहे, कारण त्यातून खेळाडूची उणीव आणि योग्य जागा दोन्ही कळतात. मात्र ती पुन्हा एकत्र करताना जागेनुसार भारांकन अपरिहार्य आहे. तिसरा, नियंत्रित चाचण्यांत अंदाज व धैर्य हे गुण वगळले जातात. म्हणून चाचणीचा गुण हा सामन्यातील निरीक्षणाला पर्याय नव्हे, पूरक मानावा. चौथा, मैदानाची प्रत नोंदल्याशिवाय खेळाडूंची तुलना करू नये.

सुट्या कौशल्यांची बेरीज म्हणजे संपूर्ण क्षेत्ररक्षक, असा दावा येथे अभिप्रेत नाही. ५३ झेलांचे सहा रकाने केले तरी सोलकर पूर्णपणे उमगतील असे नाही. तथापि सोलकरांना मैदानावर पाहणारे जाणकार होते आणि त्यांच्या साक्षीने आकड्याची अपूर्णता भरून निघाली. इंदापूरच्या एखाद्या मुरमाड मैदानावर खेळणाऱ्या विद्यार्थिनीला तशी साक्ष लाभत नाही. तिच्या बाजूने बोलणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे गुणलेखकाची वही. ती न गाठलेल्या चेंडूविषयी आणि धाडसाने गाठून सुटलेल्या चेंडूविषयी खरे सांगू लागली, तर निवड अधिक न्याय्य होईल. त्यासाठी आवश्यक असलेली फक्की, मोजपट्टी आणि मोबाईल ही साधने प्रत्येक महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाच्या आवाक्यात आहेत.